दोराच्या चार गाठी

मागच्या मे महिन्यात बपेऱ्याला माहेरी गेले होते. पावसाआधी घरावरची कवेलू फेरायची होती, म्हणून दादानं माळ्यावरचं सगळं सामान खाली अंगणात काढलं. जुनी सुपं, फुटका गुंड, आबाजींचा कंदील आणि त्या सगळ्याच्या तळाशी वेटोळं करून ठेवलेला सनाचा दोर. उंदरांनी एक टोक कुरतडलं होतं. तो उलगडताना माझ्या हाताला गाठी लागल्या. दोराच्या नव्हे, दोरावर बांधलेल्या चिंध्यांच्या. एक लाल, एक पिवळी, एक हिरवी आणि चौथी कधीकाळी पांढरी असावी, आता मातीच्या रंगाची. आजीच्या लुगड्यांचे काठ फाडून बांधलेल्या त्या चार चिंध्या पाहून मी अंगणातच बसले.

हा आमच्या विहिरीचा दोर. आजी जाऊन तीस वर्षं होत आली, पण तिनं ठेवलेला हिशेब माळ्यावर तसाच होता.

बपेरा भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, महाराष्ट्राच्या अगदी काठावर. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. जुन्या वाटेनं जाताना ही नदी बावन्न वेळा ओलांडावी लागे म्हणून तिचं नाव बावनथडी, असं आमच्याकडे सांगतात. पुढे ती वैनगंगेला मिळते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याच्या कितीतरी तालुक्यांना याच्या निम्म्या पावसावर वर्ष काढावं लागतं. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात आणि ते खरं आहे. म्हणूनच नागपुरात मी कधी म्हटलं की माझ्या माहेरी मे महिन्यात पाण्याची ओढाताण होते, तर ऐकणाऱ्याला पटत नाही. नदीकाठचं गाव, धानाचा मुलूख, तिथे कसली टंचाई? लहानपणी मलाही हा प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर त्या दोरावर होतं, मला वाचता येत नव्हतं एवढंच.

आमची विहीर चार घरांची मिळून होती. काठावर दगडी ओटा, त्यावर लाकडी गडगडी. सकाळी आजी पहिली बादली सोडायची ती सावकाश. दोर हातातून सरकत जायचा, बादली पाण्याला टेकल्याचा हलका आवाज आला की ती दोर तिथेच धरायची. दिवाळीच्या दिवसांत हे एकदा, संक्रांतीला एकदा, होळीला आणि अक्षय्य तृतीयेला एकदा. त्या दिवशी दोर कठड्याला जिथे टेकेल तिथे ती चिंधी बांधायची. लाल दिवाळीची, पिवळी संक्रांतीची, हिरवी होळीची, पांढरी अक्षय्य तृतीयेची. पुढच्या वर्षी त्याच सणाला बादली सोडली की जुनी चिंधी कठड्याच्या वर राहिली की खाली गेली, एवढं ती पाहायची. चिंधी आत गेली, म्हणजे यंदा पाणी खोल.

मी कठड्यावरून वाकून म्हणायचे, "आजी, एवढं तर पाणी दिसते." ती म्हणायची, "पानी दिसते थे नोको पाहू. दोर किती सुटला थे पाय."

हे पाहणं तिथेच संपत नसे. दिवाळीची चिंधी बरीच आत गेली असेल तर परसातल्या वाडीत त्या वर्षी वांगी-मिरची कमी लागायची. संक्रांतीनंतर धुणं नदीवर जायचं. होळीची चिंधी आत गेली तर गुरांचं पाणी विहिरीवरून बंद, ती नदीच्या डोहावर जायची. अक्षय्य तृतीयेपासून मिरगापर्यंत विहीर फक्त पिण्यासाठी आणि सैपाकासाठी. चारही घरं हे मानायची. कुणी कुणाला आदेश दिल्याचं मला आठवत नाही. दोर ओट्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला असायचा, तेवढं पुरेसं होतं.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जी १९७२ साली सुरू झाली, ती राज्यभरातल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. दिवाळी, संक्रांत, होळी, अक्षय्य तृतीया. हे जुळलेलं पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पाऊस संपल्यावर जमिनीत किती साठलं, रब्बीच्या मध्यात किती उरलं, उन्हाळ्याच्या तोंडाशी किती आहे आणि पावसाआधी तळ कुठे आहे, हे वर्षाचे चार प्रश्न तिला ठाऊक होते. शास्त्रानं स्वतःच्या वाटेनं येऊन तेच चार प्रश्न निवडले.

आमच्याकडे एवढा पाऊस पडूनही हा हिशेब का लागतो, हे जमिनीखाली पाहिल्याशिवाय समजत नाही. भंडाऱ्याचा खडक पश्चिम महाराष्ट्रातल्यासारखा लाव्ह्याचा काळा पाषाण नाही. इथे त्याहून कितीतरी जुने, रूपांतरित खडक आहेत. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खाणी याच प्राचीन खडकांत आहेत. वरचा थर झिजून मुरूम झालेला आणि त्याच्या खाली कठीण दगड, त्यात कुठे कुठे भेगा. साठवण होते ती मुख्यतः या मुरमात. तीही किती? शंभर भाग मुरूम घेतला तर त्यातून विहिरीत उतरण्याजोगं पाणी जेमतेम दोन-तीन भाग. हा थर दहा मीटर जाड धरला तर त्यात मावणारं पाणी २० ते ३० सेंटिमीटर उंचीचं. वरून पडतो १३० सेंटिमीटर पाऊस. म्हणजे आमची जमीन हे लहान भांडं आहे. श्रावण संपायच्या आत ते काठोकाठ भरतं, उरलेलं सगळं पाणी नाल्याला लागतं, नाल्यातून बावनथडीला, तिथून वैनगंगेला. पावसाळ्यात तुडुंब विहीर पाहून आपल्याला वाटतं, केवढं पाणी! पण लहान भांडं भरायला वेळ लागत नाही, तसा रिकामं व्हायलाही लागत नाही. आजीच्या लाल आणि पांढऱ्या चिंधीमध्ये बारा हातांचं अंतर होतं. ते बारा हात म्हणजे आमचं सगळं वर्ष.

भांडं लहान असेल तर शहाणा माणूस शेजारी दुसरं ठेवतो. आमच्या मुलखानं ते फार पूर्वी केलं. माझ्या आईचं माहेर साकोलीकडचं, तलावाचं गाव. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून वैनगंगेच्या खोऱ्यात बांधलेल्या तलावांचा तो पट्टा. चांद्याच्या गोंड राजानं काशीकडून हे तलाव बांधणारे लोक आणले आणि जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन दिली, अशी कथा सांगतात. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच आहे. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटलाच्या नावानं सांगितला जातो. तो भाग १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्ह्यात गेला, पण तलावांना जिल्ह्याची सीमा कळत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी कागदावर ते माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव.

आजोळी मी त्या तलावाच्या पाळीवर खेळले आहे. पाळीला तुडुम होतं, म्हणजे पाणी सोडण्याची जागा. एकाखाली एक भोकं आणि त्यांत लाकडी बुचं. वरचं भोक उघडून पाणी द्यायचं आणि पातळी खाली उतरली की मग त्याखालचं. मामाजींनी मला पाळीवर उभं करून सांगितलं होतं, यंदा तीन भोकं उरली आहेत, म्हणजे धान गर्भात आल्यावर एक पाळी मिळेल, दुसरी नाही. भादव्यात पावसानं ओढ दिली आणि धान निसवायच्या बेतात असला तर तलावाचं ते एक पाणी पीक वाचवतं. तुडुमाच्या भोकांवर कुठे आकडे नव्हते, पण गावातला प्रत्येक माणूस ती मोजू शकत होता. विहिरीला आजीचा दोर, तलावाला तुडुमाची भोकं. दोन्हीकडे पाणी काढण्याचं साधन हेच पाणी मोजण्याचंही साधन होतं. हे मला आता, साठी जवळ आल्यावर, पहिल्यांदा नीट दिसलं.

आणि काढणं-मोजणं यांचं हे नातं याच ठिकाणी तुटत गेलं. मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली हे न्यायाचंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वेठबिगारीच्या आठवणी आमच्याही घरात आहेत. पण तलावाचा मालक गेला त्याबरोबर तलावाची राखण करणारी व्यवस्थाही गेली, तिच्या जागी गावाची व्यवस्था उभी राहिली नाही. भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे आले. मासेमारीचा हक्क एकाकडे, सिंचन दुसऱ्याकडे, तलावाच्या पोटातली कोरडी जमीन तिसऱ्याच्या ताब्यात. दरवर्षी जेठात पाळीवर माती टाकायला, गाळ काढायला जे गाव उतरायचं ते हळूहळू थांबलं. गाळ साठला, बेशरमीची झुडपं माजली. तुडुमाच्या जागी लोखंडी दार आलं, त्याची चावी गावाबाहेर गेली. दार उघडलं की पाणी येतं, बंद केलं की थांबतं. किती उरलं हे पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला त्यावरून समजत नाही.

अलीकडे गाळ काढण्याच्या योजना आल्या. २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मधून आजोळच्या बाजूला काही तलावांचा गाळ शेतात गेला आणि त्याचा फायदा डोळ्यांनी दिसला. पण यंत्रानं गाळ काढताना घाई झाली तर तलाव वाढतो तो तळाशी, पाणी सोडण्याच्या दाराच्या खाली. ते पाणी मासे आणि गुरांना उपयोगी, धानाच्या बांधीपर्यंत ते आपोआप पोचत नाही. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांबरोबर तलावांवर जे काम केलं, त्यातून मी एक गोष्ट शिकले. तलाव म्हणजे पाण्याची टाकी नाही. त्यात पाणवनस्पती आहेत, मासे आहेत, त्यांच्यावर जगणारी माणसं आहेत. ढिवर बांधव बेशरम उपटून देशी वनस्पती लावतात तेव्हा ते तलाव दुरुस्त करत असतात, कंत्राटाच्या कागदावर हे काम दिसत नसलं तरी.

आमच्या विहिरीवर मोटार आली १९८० च्या दशकात. मी तेव्हा कॉलेजात होते. बटन दाबलं आणि अंगणातल्या टाक्यात पाणी धो धो पडलं, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या तळहाताला दोराचे घट्टे होते. ज्यानं कधी मे महिन्यात बाराव्या-पंधराव्या हातावरून पाणी ओढलं नाही त्यानं रहाटाच्या दिवसांचं कौतुक करू नये. मी करत नाही. बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलं ही गोष्ट मोठीच. मला खंत आहे ती एवढीच की ओझ्याबरोबर मापही उतरलं. दोर खुंटीवर गेला, मग वासराच्या गळ्यात आणि शेवटी माळ्यावर. मोटारीला खोली कळत नाही. ती दिवाळीतही तेवढ्याच जोरानं पाणी फेकते आणि होळीतही. एक दिवस दादा सांगतो, "मोटार हवा घेऊन राहिली." त्या दिवशी आम्हाला पाणी संपल्याचं कळतं. आजीला हेच चार महिने आधी कळत होतं.

मग बोअरवेल आली. शेतातही आली, कारण शेतात आता उन्हाळी धान होता. याबद्दल मला सगळं सांगावंच लागेल, कारण तो आमच्याच घरचा निर्णय होता. पूर्वी दिवाळीच्या आसपास, धान कापणीला यायच्या आधी, उभ्या पिकात लाखोरी आणि जवस फेकायचे. त्याला उतेरा म्हणतात. बांधीत उरलेल्या ओलीवर ते पीक येतं, वेगळं पाणी मागत नाही. उन्हाळी धानाचं तसं नाही. जानेवारीत रोवणी, मेमध्ये कापणी, मधले चार महिने ऊन आणि बांधीत उभं पाणी. दादानं तो लावला कारण त्याला भाव होता, खरेदी केंद्र होतं, मुलींच्या शिक्षणाचा खर्च होता. ज्यांच्या शेताला कालव्याचं पाणी मिळतं त्यांचं ठीक. पण कालव्याचं पाणी ठरावीक रानालाच पोचतं. सोंड्याटोल्याच्या उपसा योजनेतून बावनथडीचं पाणी चांदपूरच्या ब्रिटिशकालीन तलावात टाकतात, वर दोन राज्यांनी मिळून बांधलेलं बावनथडी धरण आहे. तरीही प्रत्येक शेताचं गणित त्यावर बसत नाही. उरलेलं जमिनीतून निघतं.

ते गणित मी एका रात्री ओसरीवर बसून कागदावर मांडलं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. उन्हाळी धानाला हंगामभर १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी सव्वा कोटी लिटरच्या घरात. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे, वर्षाला साधारण २०,००० लिटर. एका हेक्टरच्या उन्हाळी धानात ६०० माणसांचं वर्षाचं घरगुती पाणी आहे. आणि तेवढं पाणी आमच्यासारख्या मुरमातून काढायचं तर ४० ते ६० हेक्टर रानाखालची पातळी एक मीटरनं उतरेल. बांधीतून मुरून परत जाणारं पाणी वजा केलं तरी हिशेब फार हलका होत नाही. मी कागद दादापुढे सरकवला. त्यानं तो पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी मी बांधीत भरतो आहे, असंच ना?" मी काही बोलले नाही. त्यानं उत्तर स्वतःच दिलं होतं.

भूगर्भातल्या पाण्याचं हेच अवघड आहे. तलावाचं पाणी कुणी चोरलं तर पाळ दिसते. विहिरीखालचं पाणी सगळ्यांचं एकच असतं, पण प्रत्येकाला वाटतं, माझी विहीर, माझं पाणी. जगातल्या एकूण पाण्यापैकी गोडं पाणी अडीच टक्के. त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, साधारण ३० टक्के जमिनीखाली. ज्या नद्या-तलावांवर आपण गाणी रचतो त्यांत एक टक्काही नाही. आणि जमिनीखालचं पाणी सर्वांत जास्त उपसणारा देश भारत आहे. जगाच्या एकूण उपशाचा सुमारे चौथा हिस्सा आपला, अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहून अधिक. हे आकडे वाचताना मला दिल्ली-मुंबई दिसत नाही, आमच्या बांधावरच्या बोअरवेलची निळी पेटी दिसते.

नदीचंही तेच. बावनथडीची वाळू म्हणजे आमच्या लहानपणीची दुसरी विहीर. उन्हाळ्यात प्रवाह बारीक व्हायचा, पण पात्रात हातभर झिरा खणला की स्वच्छ गार पाणी वर यायचं. मुरूम शंभरात दोन-तीन भाग पाणी देतो, तर वाळू वीसच्या आसपास देते. म्हणजे पात्रातली वाळू हे आमचं सर्वांत मोठं भांडं. ट्रॉलीनं वाळू जाते तेव्हा आपल्याला घर बांधायचं सामान जाताना दिसतं, भांडं जाताना दिसत नाही. आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर ज्यांनी पाहिला त्यांना हेही माहीत आहे की वर शिवनी जिल्ह्यात संजय सरोवराचे दरवाजे उघडले की खाली भंडाऱ्यात घरं बुडतात. एकाच गावानं तीन महिन्यांत पूर आणि नऊ महिन्यांनी कोरडी मोटार पाहावी, असं आमचं पाणी आहे.

मी नागपुरात राहते. तिथे नळाला पेंचचं पाणी येतं. माझ्या मोरीतलं पाणी नाग नदीला लागतं, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात साठतं. १९८८ साली पायाभरणी झालेल्या त्या धरणाच्या फुगवट्यात नागपूरची घाण पोचते आणि भंडाऱ्याच्या लोकांना त्याचा त्रास होतो, हे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत छापून येतं. आमच्या बपेऱ्याची बावनथडीही शेवटी त्याच पाण्यात जाते. माहेरचं निर्मळ पाणी आणि माझ्या घरचं सांडपाणी एका ठिकाणी मिळतं, हे कळल्यापासून नळ उघडताना माझा हात थोडा थबकतो. शहरात राहणाऱ्याला पाणी कुठून येतं हे क्वचित माहीत असतं आणि कुठे जातं हे जवळजवळ कुणालाच नसतं. दोराची एक बाजू आपल्या हातात नाही, दुसरीही नाही.

कायदे आहेत. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, तो १ जून २०१४ पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे. पण ६० मीटर म्हणजे दोनशे फूट हे कोण मोजणार? रात्री बोअरची गाडी येते, पहाटे निघून जाते. खोली फक्त बिलावर असते. ज्या गावांनी हे सांभाळलं त्यांनी आधी मोजायला सुरुवात केली, असं मला दिसतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आमच्या तिसऱ्या हिश्शाइतका पाऊस. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गाव दरवर्षी पावसानंतर एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरवतं. शेतीसाठी बोअर तिथे नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या मापानं दिलं आणि उसाला नाही म्हटलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अर्थशास्त्रासाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचा १९६५ चा पीएच.डी. प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यावर होता. अति उपशानं समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरू लागलं होतं आणि उपसणारे लोक एकत्र बसून कोण किती उपसतो हे उघड करून तडजोडीला आले. कॅलिफोर्निया असो की बपेरा, एका खोऱ्यातले लोक एकमेकांचा उपसा पाहू शकले तरच ते एकमेकांशी बोलू शकतात. आमच्या ओट्यावरच्या दोरानं चार घरांसाठी तेच केलं होतं.

म्हणून मला वाटतं, पाणीपुरवठा या शब्दातला पुरवठा आपण फार लवकर शिकलो. आणायचं कसं, हे शिकलो. मोटार, नळ, टाकी, उपसा योजना, सगळं चांगलंच आहे आणि प्रत्येक घरात नळ यावा हे मला मनापासून हवं आहे. पण भांड्यात किती आहे हे पाहणारा डोळा गावागावातून गेला, तो परत आणल्याशिवाय नळ कोरडेच राहतील. तो डोळा भंडाऱ्याच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात बसून उघडता येत नाही. सरकारी निरीक्षण विहीर मोजली जाते, तिचा आकडा वर जातो, पण त्या विहिरीवरून रोज जाणाऱ्या बाईला तो माहीत नसतो. गावाच्या चावडीवर चार रेघा काढून तो लिहायला कितीसा खर्च येतो?

त्या मे महिन्यात दोर खाली काढला तेव्हा पुतणी बारावीची परीक्षा देऊन घरी होती. तिनं चिंध्या पाहून विचारलं, "आत्या, ही कोणती खेळणी?" मी तिला सगळं सांगितलं. विहीर अजून आहे, आता लोखंडी जाळीखाली. आम्ही जाळी सरकवली. सनाचा दोर कुजलेला होता, पहिल्या ओढीतच तुटला असता. तिनं नायलॉनची दोरी आणली, टोकाला अर्ध्या किलोचं वजन बांधलं आणि सावकाश सोडलं. आवाज आला नाही. आणखी सोडलं, आणखी. शेवटी फार खालून, जुन्या दगडांच्या पोटातून, तो हलका टप् असा आवाज आला. तिनं दोरी धरली, मी जुना दोर शेजारी पसरून मोजला. आजीच्या पांढऱ्या चिंधीच्या खाली सात हात.

पुतणीनं ओट्याच्या दगडावर रंगानं रेघ ओढली आणि तारीख लिहिली. नंतर दिवाळीला तिचा फोन आला. तिनं पुन्हा मोजलं होतं आणि शेजारच्या तीन विहिरींचंही मोजलं होतं. दादा त्या आकड्यांवरून काही बोलला नाही, असं ती म्हणाली. फक्त धान कापायच्या आधी दोन बांध्यांत त्यानं लाखोरी फेकली. पुष्कळ वर्षांनी.